भांडायची सोय

आमच्या गावच्या कमानीला एक पत्र्याचा बोर्ड आहे, 'तंटामुक्त गाव'. आता त्याचा अर्धा रंग उडालाय आणि कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची दोरी त्यालाच बांधलेली असते, पण बोर्ड मिळाला तेव्हा लोकांनी गुलाल उधळला होता. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं, आणि ही मोहीम काढणारे आर. आर. आबा त्याच तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळं सरकारी योजना असली तरी आम्हाला ती घरचीच वाटायची. 15 ऑगस्ट 2007 ला राज्यभर सुरू झाली, आबा तेव्हा गृहमंत्री. गावोगाव समित्या झाल्या, समितीकडं रजिस्टर, रजिस्टरात रकाने: दिवाणी, महसुली, फौजदारी, इतर. जुने तंटे किती, नवे किती, मिटवले किती. गाव पात्र ठरलं की लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस.

आधीच सांगते, मी या मोहिमेची टिंगल करायला बसलेली नाही. बांधाच्या केसपायी तीन पिढ्या तासगावच्या कोर्टात हेलपाटे घालणारी माणसं मी बघितलीत. हातभर बांध कोरला म्हणून सख्खे चुलत भाऊ एकमेकांच्या मयताला गेले नाहीत, आजोबानं केस घातली, बापानं तारखा केल्या, नातू अजून वकिलाची फी भागवतोय आणि ज्या तुकड्यासाठी हे सगळं चाललंय तो विकला तरी आतापर्यंतचा खर्च निघायचा नाही. अशा दोघांना गावातल्या चार माणसांनी देवळात बसवून "आता बास करा की रे" म्हटलं आणि खरंच बास झालं, तर ते पुण्याचंच काम. हे दुखणं आबांना नेमकं माहीत होतं, कारण ते त्याच मातीतले.

पण मला एक गोष्ट बरीच वर्षं खुपत राहिलीय. मिटलेले तंटे रजिस्टरात मोजता येतात. जे व्हायला पाहिजे होते पण झालेच नाहीत, ते तंटे कुठल्या रकान्यात लिहायचे?

माझ्या आत्याच्या हक्कसोडीचंच घ्या. आजोबा गेले, वारसाची नोंद लावायची होती, सातबाऱ्याला दोन भाऊ आणि दोन बहिणी अशी चार नावं लागणार होती. भावांनी गाडी केली, दोघी बहिणींना त्यांच्या त्यांच्या सासरहून आणलं, तालुक्याला रजिस्टर ऑफिसात फोटो निघाले, अंगठे लागले, सह्या झाल्या, दुपारी सगळ्यांनी हॉटेलात जेवण केलं, दोघींना भारीतली साडी घेतली आणि संध्याकाळी परत नेऊन सोडलं. ना आवाज ना वाद. माझे चुलते आजही चारचौघांत कौतुकानं सांगतात, "आमच्या बहिणींनी एका शब्दानं विचारलं नाही."

कायदा तर कधीचा बाईच्या बाजूनं आहे. 1956 च्या वारसा कायद्यातच वडलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा होता. वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं 1994 ला दिला, तो लग्न न झालेल्या मुलींना. 2005 ला देशभर सगळ्याच मुलींना मिळाला, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेही स्पष्ट केलं की 2005 ला वडील हयात होते का नव्हते याच्यावर तो हक्क अवलंबून नाही. म्हणजे कागदावर काही कमी नाही. पण कायदा रजिस्टर ऑफिसच्या दारापर्यंतच येतो, आत आधीपासून माहेर येऊन बसलेलं असतं. हिस्सा मागितला की माहेर तुटतं, हे आमच्याकडं कुठल्याच बाईला शिकवावं लागत नाही. भाऊबीजेला कुणाला ओवाळायचं, लेकीच्या लग्नात मामा म्हणून कोण उभा राहणार, उद्या नवऱ्याशी नाही पटलं तर पिशवी घेऊन जायचं कुठं, हे सगळं डोक्यात घेऊन ती सही करते. आणि आपण त्याला म्हणतो मोठ्या मनाची.

मी एकदा आत्याला विचारलंच, तुला नको होतं का म्हणून. ती शेंगा फोडत बसली होती.

"नगं हुतं आसं न्हाई गं," ती म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई."

मग जरा वेळानं स्वतःच म्हणाली, "आन् इचारलं असतं तरी मी द्या म्हणालेच नसते. पर इचारायचं तर."

या घरात तंटा नाही हे मी स्टँपपेपरवर लिहून देते. दिवाळीला सगळे एकत्र येतात, हसतात, पोरं खेळतात, आत्या चुलत्यांना मनापासून ओवाळते, त्यात नाटक अजिबात नाही. तरी मला त्या घराला शांत म्हणताना अडखळायला होतं. कारण समजा आत्यानं उद्या तोंड उघडलं, फक्त विचारलं, भांडली पण नाही, तर हे सगळं टिकेल का? टिकणार नाही हे तिला माहीत आहे, चुलत्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. एका माणसानं आयुष्यभर गप्प राहायचं या अटीवर जे टिकून आहे त्याला घराची शांतता म्हणायचं की त्या माणसाची वेठबिगारी?

यावर अभ्यास करणारी माणसं जगात आहेत हे मला फार उशिरा कळलं. योहान गाल्तुंग नावाचा नॉर्वेचा एक समाजशास्त्रज्ञ होता, 2024 मध्ये गेला. त्यानं 1959 ला ओस्लोत शांततेवर संशोधन करणारी संस्था काढली आणि 1969 साली एक लेख लिहिला ज्याच्यावर लोक अजून वाद घालतात. त्याचं म्हणणं असं, की मारामारी थांबली, बंदुका थांबल्या, ही झाली नकारात्मक शांतता, म्हणजे काहीतरी नाही एवढंच. ज्या रचनेमुळं कुणी उपाशी राहतं, कुणी औषधावाचून मरतं, कुणाची मान कायम खाली, ती रचना बदलून न्याय आला तर ती सकारात्मक शांतता. आणि मारणारा हात दिसत नसला तरी माणूस टाळता येण्यासारख्या कारणानं मरत असेल तर ती पण हिंसाच, रचनेत मुरलेली.

त्या लेखात त्यानं टीबीचं उदाहरण दिलंय आणि सांगली-मिरजेच्या माणसाला ते लगेच भिडतं. अठराव्या शतकात कुणी टीबीनं मेलं तर त्याला हिंसा म्हणणं अवघड, इलाजच नव्हता. पण आज सगळे इलाज असताना कुणी टीबीनं मेलं तर ती हिंसा. आमच्याकडं सांगली-मिरज रस्त्यावर वॉन्लेसवाडी आहे, मिरजेत 1894 ला मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या डॉक्टर वॉन्लेसांच्या नावाची, आणि तिथं टीबीचंच हॉस्पिटल होतं. त्या काळी डॉक्टरांच्या हातात मोकळी हवा, विश्रांती आणि खाणं याच्यापलीकडं फारसं काही नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते 1943 ला. तेव्हाचा मृत्यू नशिबाचा म्हणू. पण आता गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तरी ऊसतोडीला गेलेली बाई फडावरून फडावर हिंडताना कोर्स अर्धवट सोडते आणि खोकून खोकून मरते, तेव्हा गाल्तुंग म्हणतो ते लगेच पटतं. तिच्याशी कुणी भांडलेलं नसतं. मुकादम पण नाही.

गाल्तुंगच्या लेखाच्या सहा वर्षं आधी, 1963 ला, मार्टिन ल्यूथर किंगनं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात जवळपास हेच म्हटलंय. त्याची तक्रार उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षा त्या समजूतदार, मवाळ लोकांबद्दल जास्त होती, ज्यांना न्यायापेक्षा सुव्यवस्था प्यारी असते, ज्यांना नुसता ताण नको असतो. ते वाचताना मला आमच्या पारावरचे दोनतीन चेहरे आठवले. "कशाला उगं वाद वाढवायचा" हे वाक्य आमच्याकडं नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच ऐकवतात. ज्यानं केलंय त्याच्याकडं जाऊन कुणी म्हणत नाही की बाबा तू कशाला वाद वाढवतोस.

(योगायोग बघा, जगातल्या देशांना शांततेचे गुण देणारा तो जागतिक शांतता निर्देशांक निघाला तोही 2007 सालीच. आमचं रजिस्टर आणि त्यांचं रजिस्टर एकाच वर्षाचं.)

आता जरा साताऱ्याकडं जाऊ, 1901 साल. साताऱ्याहून चार पोरं आगगाडीनं मसूर स्टेशनला उतरली. नवे कपडे, टोप्या, आयुष्यातला पहिला रेल्वेचा प्रवास, वडलांना भेटायला निघालेली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर होते, तलाव खोदायचं काम चाललं होतं तिथं. पोरं येणार हा निरोपच त्यांना मिळाला नव्हता त्यामुळं स्टेशनवर न्यायला कुणी नाही. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. स्टेशनमास्तरनं आधी मायेनं विचारपूस केली, कोण कुठले, आणि पोरांनी महार असल्याचं सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी असं ठरलं की भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालत येणार. बरोबर जेवणाचा डबा होता पण पाणी नव्हतं, आणि वाटेत पाणी देणारं कुणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर पोचले, गाडीवानानं सुचवलं म्हणून आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून बघितलं, तर तिथला माणूस म्हणाला, तुमच्यासाठी इथं कुणी पाणी भरून ठेवलंय का? डोंगरावर आहे, जाऊन आणा. डबा तसाच राहिला, पोरं उपाशी झोपली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः पुढं लिहून ठेवलंय.

मला यात दरवेळी एकच गोष्ट दिसते, की यात भांडण कुठंच नाही. कुणी कुणाला मारलं नाही. स्टेशनमास्तरनं तर एका अर्थी मदतच केली म्हणायची, गाडी मिळवून दिली. गाडीवानानं भाडं घेतलं आणि पोचवलं. टोलनाक्यावरचा माणूस पाण्याबद्दल खोटं बोलला असंही नाही. त्या दिवशी तिथं कुणी रजिस्टर घेऊन बसलं असतं तर चारही रकाने कोरे, मसूर तंटामुक्त. पुढं महाडला 1927 ला त्याच पाण्यासाठी सत्याग्रह झाला, लोकांवर काठ्या चालल्या, डोकी फुटली, तेव्हा सगळे म्हणाले की शांतता बिघडली. मसूरला ती कधी होती?

त्याच साताऱ्यात 1924 ला भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं, सगळ्या जातीची पोरं एकत्र राहणार आणि एका पंगतीला जेवणार. 1927 ला गांधीजी येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले. रयतच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट माहीत असते, पोरांना खायला नव्हतं म्हणून त्यांनी ते मोडलं. पण मला त्या पंगतीतल्या पोरांच्या घरी काय झालं असेल याचंच कुतूहल जास्त आहे. सुट्टीला पोरगं गावी आलं आणि सांगितलं की मी अमक्याच्या शेजारी बसून जेवतो, तेव्हा किती घरात चुलीपाशी आदळआपट झाली असेल, किती आज्यांनी पोराला गोमूत्र शिंपडून आत घेतलं असेल, त्याची नोंद नाही. भाऊरावांनी शांतता आणली असं म्हटलं तर बरोबर आहे, फक्त ती येताना घराघरात कल्ला करत आली असणार.

मिरजेबद्दल दोन शब्द लिहिते, जास्त लिहीत नाही कारण 2009 वर बोललं की अजून लोक कडवट होतात. मीरासाहेबांचा दर्गा, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत तिथं होणारं गाणं, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची ती गल्ली, ज्यांचे पूर्वज एकेकाळी हत्यारं करायचे, हे सगळं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो आणि ते खोटं नाही. त्याच मिरजेत 2009 च्या गणपतीत कमानीवरच्या अफजलखानाच्या चित्रावरून दगडफेक झाली, कर्फ्यू लागला, विसर्जन अडकलं, आणि लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. कर्फ्यूत शहर जितकं गप्प असतं तितकं एरवी कधीच नसतं, आणि त्या गप्पपणाला शांतता म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरी प्रत्येक सणाच्या आधी शांतता समितीची बैठक होते तिचा सगळा रोख तेवढाच असतो, पुढचे दहा दिवस काही होऊ नये. मंडळाचे अध्यक्ष, मौलाना, माजी नगरसेवक, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, चहा-बिस्किट, फोटो. बंदोबस्त म्हणून ठीक आहे, करायलाच पाहिजे. पण अकराव्या दिवशी एखाद्या मुसलमान पोराला सांगलीच्या विश्रामबागेत भाड्यानं फ्लॅट मिळत नाही, तेव्हा ती समिती कुठं बसते? तिथं तर कुणी दगड मारलेला नसतो. एजंट गोड बोलून सांगतो, "आजच दुसऱ्याला दिला हो."

आणखी एक शांतता आहे आमच्या भागात, त्याच्याविषयी बोलायला मलाही जड जातं. गावात मारुतीच्या देवळामागं एक जोतं आहे, नुसतं जोतं, वर काही नाही, घाणेरी वाढलीय. आमची आजी वय सांगताना म्हणायची, "जळिताच्या साली तुझा बाप पाळण्यात हुता." गांधीजींचा खून झाला 30 जानेवारी 1948 ला, आणि मारेकरी ब्राह्मण निघाला म्हणून पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांचे वाडे, दुकानं जाळली गेली. ज्याच्या नावानं जाळलं तो माणूस आयुष्यभर काय सांगत होता हे त्या रात्री कुणाला आठवलं नाही. बरीच कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी पुण्या-मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत. आणि त्याच सालचा कूळकायदा, पुढं 1 एप्रिल 1957 पासून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला जमीन मिळाली हा न्याय होता, माझ्या स्वतःच्या पणजोबांना पण मिळाली. आणि घर पेटवलं हा अन्याय होता. दोन्ही गोष्टी गावाच्या डोक्यात इतक्या एकमेकांत गुंतल्यात की एक धागा ओढला तर दुसरा निघेल, म्हणून कुणी काहीच ओढत नाही.

अधूनमधून पुण्याहून एखादी गाडी येते, ग्रामदैवताला अभिषेक असतो, माणसं जोत्यापाशी थोडा वेळ उभी राहतात, मोबाईलवर फोटो काढतात. आमचे लोक आदरानं चहाला बोलावतात, पाव्हणं म्हणून नारळ-टॉवेल देतात, ती माणसंही पोरांच्या हातावर खाऊ ठेवतात. दोन्हीकडून इतकं गोड बोलणं चालतं की बघणाऱ्याला वाटावं काय हे प्रेम. पण त्या रात्री कोण होतं, काय झालं, तुमच्या आजीचं पुढं काय झालं, हे ना ते सांगतात ना आम्ही विचारतो. ऐंशी वर्षं होत आली. ज्यांनी केलं ते मेले, ज्यांनी सोसलं तेही मेले, आता तर विचारायला कुणाचीच हरकत नसावी, आणि तरी विषय निघाला की आमच्या घरातलं कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.

आता पाण्यावर येते, कारण सांगली जिल्ह्यात शांततेवर बोलायचं आणि पाण्यावर बोलायचं नाही असं होत नाही. पश्चिमेला कृष्णाकाठ, ऊस, साखर कारखाने, 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, जिथं टँकर आला की हंड्यांची रांग. एकच जिल्हा, एकच कलेक्टर. 2016 ला लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, जगभर बातम्या झाल्या, आम्हालाही अभिमान वाटला, आणि जतची माणसं म्हणाली की आमच्या गावात रेल्वे नाही म्हणून आम्हाला तहान पण नाही का.

पूर्वेकडचा हा भाग कितीतरी वर्षं शांतच होता की. दुष्काळ पडला की माणसं मुंबईला गिरणीत, नाहीतर सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. कुणी भांडलं नाही, देवाची मर्जी म्हणाले. मग 1982 च्या गिरणी संपात मुंबईतले कामगार गावाकडं परतले, आणि खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, भारत पाटणकरांसारखी माणसं त्यात होती. दुष्काळ पडतो की पाडला जातो असा सरळ प्रश्न लोक विचारायला लागले. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि नदी कोरडी पडत होती, तर लोकांनी त्या वाळूवर हक्क सांगितला आणि वाळूच्याच पैशाचा हातभार लावून तांदुळवाडी-बलवडीजवळ बळीराजा धरण बांधलं. मोर्चे झाले, परवानगीसाठी सरकारशी झटापट झाली. पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की पाणी कसं वाटायचं हे त्यांनी भिंत बांधायच्या आधी ठरवलं: पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, माणसाच्या प्रमाणात वाटायचं, जमीन नसलेल्यालाही वाटा. हेच पुढं आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींनी लावून धरलं. 1993 पासून वर्षानुवर्षं दुष्काळी तालुक्यांतली माणसं भाकरी बांधून तिथं येत राहिली, आणि टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळून उचलून आटपाडीत यायला ते सगळं ओरडणं लागलं.

जतचं तर ताजं आहे. 2012 ला आणि परत 2022 ला सीमेवरच्या गावांनी सांगितलं, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. काय गहजब झाला. टीव्हीवर अस्मिता, राष्ट्रद्रोह, काय काय. आणि लगोलग कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात नेणाऱ्या म्हैसाळ योजनेच्या विस्ताराच्या फायली हलल्या, बैठका, निधी, टेंडर. इतकी वर्षं अर्ज-विनंत्या करताना ही माणसं चांगली, समंजस होती. भांडल्यावर वाईट ठरली आणि काम सुरू झालं.

मला तरी वाटतं गाव किती शांत आहे ते बघायचं असेल तर किती तंटे मिटले ते न विचारता तंटा कोण काढू शकतं ते विचारावं. दीड एकरवाली विधवा बागाईतदाराशी भांडू शकते का, आणि भांडून दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून साखर आणू शकते का. लेक भावाशी हिश्श्यावरून वाद घालून त्याच दिवाळीला माहेरी येऊ शकते का. हे जमत असेल त्या गावात रोज आवाज असणार, बाहेरच्याला वाटणार काय भांडकुदळ लोक आहेत. असू दे.

आमच्याकडं असं पूर्ण कुठंच नाही, तुकड्या तुकड्यानं दिसतं. म्हैसाळचं पाणी यायला लागल्यावर गावात पाणी वापर संस्था झाली, 2005 च्या कायद्याप्रमाणे, आणि त्या कायद्यात बायकांना संचालक मंडळात जागा आहे म्हणून नावाला का होईना बायका बैठकीला बसतात. आवर्तन टेलकडून सुरू करायचं, म्हणजे शेवटच्या शेताला आधी पाणी आणि मग वर हेडकडं, असा नियम. प्रत्यक्षात हेडवाले रात्री कालव्याचं दार उचलतात आणि टेलला चिखल पोचतो. गेल्या उन्हाळ्यात समाजमंदिरात बैठक होती, मी गावी होते म्हणून मागं जाऊन बसले. टेलकडची एक म्हातारी, नऊवारी, हातात कॅरीबॅगेत पाणीपट्टीच्या पावत्या, उभीच राहिली. तिच्या दीड एकरातला मका वाळलाय, पाळी तिची होती आणि पाणी वर मुरलं, कुणाच्या बागेत मुरलं ते तिनं नाव घेऊन सांगितलं. तो माणूस पहिल्या ओळीतच बसला होता आणि गावात त्याचा शब्द चालतो.

एकदम गलका. कुणी म्हणालं आक्का खाली बसा, कुणी म्हणालं पुरावा काय. अध्यक्ष चांगला माणूस आहे, तंटामुक्ती समितीत पण होता, त्यानं दोन्ही हात वर केले.

"आक्का, सगळी घरचीच मानसं हाईत. उद्या माझ्या घरी या, आपण मिटवून टाकू."

"मिटवू नगंस," म्हातारी म्हणाली. "लिवून घे."

"अवो पन—"

"मिटवल्यालं कायबी र्‍हात न्हाई बाबा. मागल्या साली बी तू मिटवलंस. लिवून घे, तारीख घाल, माजं नाव घाल, आन् त्येचं बी घाल."

सेक्रेटरीनं अध्यक्षाकडं बघितलं, अध्यक्षानं त्या पहिल्या ओळीतल्याकडं बघितलं, तो मोबाईलमध्ये बघायला लागला. सेक्रेटरीनं लिहिलं. म्हातारीनं शेजारच्या पोरीला उठवून वहीपाशी पाठवलं आणि काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं, त्यात दाराचा नंबर चुकला होता तो परत दुरुस्त करायला लावला. यावर अजून अर्धा तास भांडण झालं, दोघंतिघं रागानं उठून बाहेर गेले आणि तंबाखू मळून परत आत आले. मग चहा आला. तोही वरनं, पहिल्या ओळीपासून वाटायला सुरुवात झाली, तशी म्हातारी परत उठली.